उ: जुन्या लॅपटॉपवर सर्व्हर, कमीत कमी काय टाकावं?

उबुंटू डेस्कटॉप (खिडक्या-आयकॉनांसकट पूर्ण लिनक्स) टाकून मग नको ते काढत बसायचं, असं या प्रश्नावर आधी कुणी सुचवलंय, ते मला उलटं वाटतं. आधी घर भरायचं आणि मग आवरायचं! त्यापेक्षा डेबियन या लिनक्सची नेटइन्स्ट आयएसओ (छोटी इन्स्टॉल फाइल, बाकीचं नेटवरून उतरवते) घ्या. सॉफ्टवेअर निवडीच्या पडद्यावर डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढा, फक्त एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करण्यासाठी) आणि स्टँडर्ड युटिलिटीज ठेवा.

इन्स्टॉल करताना रूटचा (सर्वाधिकारी खात्याचा) पासवर्ड रिकामा सोडा, म्हणजे सुडो (आपल्या खात्यातून रूटचे अधिकार वापरायची आज्ञा) आपोआप येतं. पासवर्ड दिलात तर येत नाही. मी यात एक संध्याकाळ घालवलीय. पुढे ॲप्टने (सॉफ्टवेअर टाकायच्या आज्ञेने) काही टाकताना 'रेकमेंड्स' (सोबत सुचवलेली जादा पॅकेजेस) बंद ठेवा, नाहीतर एकामागे दहा पाहुणे येतात. आणि डेबियन 12 पासून सिसलॉगची (सिस्टिमच्या नोंदींची) फाइल शोधू नका, त्या नोंदी वाचायला जर्नलसीटीएल ही आज्ञा वापरा.