बाटल्यांचे टी-शर्ट: कचरा खरंच कमी होतो का?

लालबागचा_शेखर: दादरला एका दुकानात 'टाकाऊ बाटल्यांपासून' बनवलेला टी-शर्ट पाहिला. टॅगवर हिरवं पान, किंमत साध्या सुती टी-शर्टच्या दुप्पट. फेब्रुवारी 2023 मध्ये पंतप्रधान असंच जाकीट घालून संसदेत आले, तेव्हाही केवढं कौतुक! माझं म्हणणं एवढंच, की बाटलीची परत बाटली होते. तिचा शर्ट केला की तो विटल्यावर थेट देवनारच्या कचऱ्याच्या डोंगरावर. कचरा फक्त पुढे ढकलला. वर बाटलीचं कापड म्हणजे पॉलिएस्टरच, मे महिन्यात विरार फास्ट लोकलमध्ये ते घालून उभं राहून दाखवा.

सायनची_मृणाल: शेखरदादा, घामाचं सोडा. क्रिकेटची जर्सी, पोरांचे गणवेश, पॉलिएस्टर आपण घालतोच आहोत. ते नव्याने खनिज तेलातून काढायचं की बाटलीतून, एवढाच प्रश्न. धारावीत तेरा कंपाउंडला, म्हणजे भंगार-प्लास्टिकवाल्यांच्या भागात, कामानिमित्त माझं जाणं असतं. बायका खाली बसून बाटल्या निवडतात. पारदर्शक एकीकडे, हिरव्या दुसरीकडे, झाकणं वेगळी, कारण त्यांचं प्लास्टिकच निराळं. पारदर्शक मालाला भाव जास्त, त्याला पुढे हवा तो रंग देता येतो. कापडवाल्यांची मागणी गेली तर हा भाव कोण देणार, तुम्ही?

लालबागचा_शेखर: बाटल्या बनवणारे देतील की.

मुलुंडचे_नाना: दोघंही बाटलीतच अडकलात. जुन्या कपड्यांचं काय? सुती कापड पिंजलं की तंतू आखूड होतो, धड सूत काढायला नवा कापूस मिसळावा लागतो. त्यात पॉलिएस्टर असलं तर आणखी जिकिरीचं. पानिपतला जुन्या लोकरी कपड्यांची ब्लँकेटं होतात, ती निवडतानाच रंगवार लावतात म्हणून पुन्हा रंगवायचा खर्च वाचतो. आमच्याकडे अजून बोहारीण येते. परवा हिने काही पँटी आणि एक जरीची साडी दिली. त्या बाईने प्रत्येक पँटीची चेन ओढून पाहिली, बूड उजेडाकडे धरलं, मग घासाघीस, आणि शेवटी एक पातेलं. तो कपडा तसाच्या तसा पुन्हा कुणाच्या तरी अंगावर जाणार. ना वितळवणं, ना पिंजणं. त्याला हिरवं पान कोण लावतंय?

सायनची_मृणाल: नाना, पण बोहारीण फाटकं-कळकट घेत नाही, आणि खरा कचरा तोच. आमच्या टॉवरमध्ये तर वॉचमन तिला गेटमधूनच परत पाठवतो.

मुलुंडचे_नाना: मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडा की! इथे काय भांडताय?

लालबागचा_शेखर: धुताना पॉलिएस्टरचे बारीक तंतू सुटतात त्याचं काय? वरळी-वांद्र्याहून सांडपाणी समुद्रातच सोडतात.

सायनची_मृणाल: नव्या पॉलिएस्टरचेही सुटतात. म्हणूनच मी बॅगा, छत्र्या, जाकिटं म्हणते. रोज धुवायचे टी-शर्ट नकोतच.

लालबागचा_शेखर: हे आधी बोलला असतात तर निम्मा वाद वाचला असता. आता मुंबईत जाकीट कुठल्या महिन्यात घालायचं, तेवढं सांगा.