विषय: उत्तर: उत्तर: मेळघाटचे ऑक्सिमीटर, शुक्रवारी ऑर्डर

खजिनदार:
आपल्या इथल्या, परदेशातल्या मंडळाची गणपतीची शिल्लक आणि फराळाचे पैसे मिळून पन्नास ऑक्सिमीटर बसतात, बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवणारे. धारणीकर भाऊंनी सांगितलेल्या गावांतल्या आशाताईंना द्यायचे. हरकत असेल तर आत्ताच सांगा, ब्लँकेटांच्या वेळेसारखं शेवटच्या दिवशी नको.

वर्ध्याची ताई:
हरकत आहे. मी वॉर्डात रोज हे यंत्र लावते. काळ्या-सावळ्या कातडीवर ते आकडा जास्त दाखवू शकतं. २०२० साली अमेरिकेतल्या मिशिगनच्या रुग्णांचा अभ्यास आला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत होतं तेव्हा रक्तात ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ च्या खाली, असं गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के वेळा झालं, कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के. मेळघाटातल्या कोरकू आदिवासी बाळाला ९४ दिसलं म्हणून घरीच ठेवलं तर? शिवाय मोठ्यांची क्लिप तान्ह्याच्या बोटावर टिकतच नाही, निसटते. त्याला पायाला गुंडाळायचा पट्टा लागतो.

धारणीकर:
ताई, अमेरिकेचं राहू द्या. धारणीहून अमरावती म्हणजे हरिसाल, सेमाडोह, परतवाडा, सगळा घाट. पावसात रात्री गाडी मिळत नाही. काहीच नसण्यापेक्षा यंत्र बरं, एवढंच मी सांगून राहिलो.

माजी सचिव:
यंत्र कोणतंही घ्या, पाठवणार कसं? आपण परदेशातून वस्तू दिली तरी भारतात ती विदेशी देणगीच धरतात. घेणाऱ्या संस्थेची अशी देणगी घ्यायची नोंदणी हवी, आणि पैसे द्यायचे तर तिचं दिल्लीच्या स्टेट बँकेतलं खातं हवं. हे मी मागच्या सभेत सांगितलं होतं, इतिवृत्तात आलंच नाही.

वर्ध्याची ताई:
भाऊ, यंत्र नकोच असं मी म्हटलेलं नाही. आशाताई बाळाचं पोट उघडं करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त भरले की यंत्राचा आकडा काहीही असो, बाळ दवाखान्यात हलवायचं. बंग दांपत्याने गडचिरोलीत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळं वाचवली, १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. यंत्रासोबत हे शिकवणारं कोणी द्या.

चामोर्शीच्या वहिनी:
घाट उतरून आल्यावर काय होतं तेही लिहिते. आम्ही गोंड. माझ्या मावसभावाला सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. हाडं ठणकली की तो कॉटची लोखंडी पट्टी दातात धरायचा. एका दवाखान्यात मावशी गोंडीत सांगत होती तर ड्रेसर म्हणाला, "या लोकांची नाटकं असतात." सलाईन लागलं दुसऱ्या दिवशी. कोरकू तर मुंडा कुळातली भाषा, मराठी डॉक्टरला एक शब्द कळायचा नाही. निम्म्या पैशांत तिकडच्या दवाखान्यात कोरकू बोलणारी बाई वर्षभर बसवता येत असेल तर मी तेच मागते.

माजी सचिव:
पगार द्यायचा तर नोंदणी आणखीच लागेल.

खजिनदार:
शुक्रवारची ऑर्डर थांबवली. ताई, पायाच्या पट्ट्याच्या यंत्राचा भाव पाठवा. भाऊ, कोरकू बाईच्या मानधनाचं धारणीत विचारा. सचिवांचा मुद्दा या वेळी इतिवृत्तात घेतलाय.