पायथॉन: चेनमॅपमध्ये आतल्या डिक्शनरीचा वारसा कसा टिकवायचा?

सेटिंग्जचं झाड आहे: कंपनी, विभाग, शाखा, मशीन. प्रत्येक पातळीची वेगळी डिक्शनरी (किल्ली आणि तिची किंमत अशा जोड्या), आणि पुढे नवी डिक्शनरी जोडणाऱ्या 'न्यू_चाइल्ड'ने चेनमॅप (अनेक डिक्शनऱ्यांत खालून वर क्रमाने शोधणारी रचना) वाढवत नेलाय. साधी किल्ली झकास चालते; वर बदल केला की खाली लगेच दिसतो, आणि हे मला सोडायचं नाही.

अडतंय आतल्या डिक्शनरीत. कंपनीत 'छपाई' म्हणजे कागद ए४, प्रती २. शाखेत 'छपाई'खाली फक्त प्रती ३ लिहिल्या की कागद शोधताना कीएरर (किल्ली सापडली नाही, ही चूक), कारण पहिली सापडलेली डिक्शनरी वरची अख्खी झाकते. थेट आतली 'प्रती' बदलली, तर बदल कंपनीच्याच डिक्शनरीत जातो आणि सगळ्या शाखा बिघडतात.

डीपकॉपी (आतल्या डिक्शनऱ्यांसकट स्वतंत्र प्रत) केली, तर वरचे बदल पोचत नाहीत. ओमेगाकॉन्फ या सेटिंग्जच्या लायब्ररीतल्या मर्जचंही (एकत्र करण्याचं) तेच, नवी प्रत हाती येते. 'छपाई.प्रती' अशा सपाट किल्ल्या चालतात, पण पूर्ण 'छपाई' एकदम मागितली की सगळं चाळावं लागतं.

दुसरा गुंता: वारशाने आलेली किल्ली फक्त एका शाखेत नकोय. किल्ली काढणारा 'डेल' पहिल्याच डिक्शनरीत बघतो, म्हणून कीएरर. 'काढलं' अशी खुणेची किंमत ठेवून किंमत वाचून देणारं '__गेटआयटम__' बदललं, तर किल्ल्या एकेक देणारं '__इटर__' ती किल्ली देतच राहतं आणि सगळ्या जोड्या देणारं 'आयटम्स' कोसळतं.

पायथॉन ३.११, डेटाबेस नाही, वाचन भरपूर, लेखन क्वचित. याद्या जोडायच्या नाहीत, खालची यादी वरची पूर्ण बदलेल.

वाचतानाच आतपर्यंत मर्ज करणारी आणि अशी खूण पाळणारी तयार लायब्ररी आहे का? नसल्यास मर्जचा निकाल कॅश करून (पुन्हा वापरायला साठवून), वरची पातळी बदलल्यावर फक्त खालच्या फांद्यांचा कॅश कसा रद्द करता?