दत्तक लेक घरी आली, तरी जुने दुःख सरत का नाही?

प्रश्न : नाशिकची आई
लग्नानंतरची सहा वर्षे उपचारांत गेली. चार वेळा आयव्हीएफ झाले आणि एकदा नवव्या आठवड्यात गर्भपात झाला. त्यानंतर आम्ही ‘कारा’कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे, नोंदणी केली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रतीक्षायादीतील आपला क्रमांक पाहत राहिलो. अखेर बाळाचे छायाचित्र व वैद्यकीय अहवाल आला, तेव्हा ४८ तासांची मुदत असूनही आम्ही तासाभरातच होकार कळवला.

लेक आता दहा महिन्यांची आहे आणि घरी येऊन तिला सात आठवडे झाले. तिचे सगळे मी मनापासून करते, परंतु जी माया मनात भरून येईल असे वाटले होते, ती अजून आलेली नाही. मागच्या आठवड्यात जावेचे डोहाळजेवण होते. इतकी वर्षे ओटी भरायला मला कुणी पुढे बोलावले नव्हते. या वेळी मात्र लेकुरवाळी म्हणून आग्रहाने बोलावले, आणि ओटी भरताना मला रडू आवरेना. सासूबाई म्हणाल्या, “देवाने पदरात घातलं, आता कशाला रडतेस?” तेव्हापासून वाटते, मी या मुलीवर अन्याय तर करत नाही ना?

उत्तर : पुण्याहून, दोन दत्तक मुलांची आई
ताई, ते रडू नवव्या आठवड्यात गेलेल्या जिवासाठी होते, आणि त्या जिवासाठी तुम्हाला तेव्हा मोकळेपणाने रडता आले नसणार, कारण लगेच पुढच्या उपचारांची तारीख ठरलेली असते. त्यात लेकीचा अपमान नाही.

शिवाय तुमच्या घरात दुःख करणारे माणूस एकच नाही. दहा महिन्यांचे बाळ माणसे ओळखते. दत्तक संस्थेतील ज्या मावशीने तिला रोज भरवले आणि झोपवले, तिला ती एका दिवसात मुकली आहे. आमचा थोरला अकरा महिन्यांचा असताना संस्थेतून एक दुपटे घेऊन आला. मळलेले दिसले म्हणून मी ते तिसऱ्या दिवशी धुतले, आणि त्या रात्री तो डोळ्याला डोळा न लावता रडत राहिला. त्याच्या ओळखीचा शेवटचा वास मी धुऊन टाकला होता, याची खंत मला आजही आहे. आमच्यात माया हळूहळू आली. चौथ्या महिन्यात लस टोचल्यावर तो मान वळवून खोलीभर मला शोधू लागला, तेव्हा मला प्रथमच आपण याची आई आहोत असे आतून वाटले.

उत्तर : कोल्हापूरचा एक बाबा
उपचारांच्या काळात मी एकदाही रडलो नाही, कारण पत्नीला धीर देणे हेच माझे काम आहे असे मी धरून चाललो होतो. मुलगा साडेचार वर्षांचा झाल्यावर त्याने विचारले, “मी आईच्या पोटात होतो का?” तो संस्थेतून आला हे आम्ही त्याला पहिल्यापासून सांगत आलो होतो, त्यामुळे उत्तर तयार होते, पण त्या रात्री मी पहिल्यांदा रडलो. पुढचे डोहाळजेवण जड वाटले तर जाऊ नका, पतीला निरोप द्यायला सांगा.

उत्तर : दत्तक क्षेत्रातील समुपदेशक
मूल घरी आल्यावर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी घरी भेट देऊन पाठपुरावा होतो. मूल परत नेतील या भीतीने अनेक पालक त्या भेटीत सारे छान असल्याचेच सांगतात, आणि नेमकी तिथे मिळू शकणारी मदत हुकते. दत्तकानंतरचे नैराश्य ही परिचित अवस्था आहे. झोप उडाली असेल किंवा बाळाला उचलून घेणेही नकोसे वाटत असेल, तर भेटीची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांना भेटा.

नाशिकची आई
तिच्यासोबत एक पिवळे झबले आले होते, ते मी आठवण म्हणून कपाटात ठेवले होते. ते धुतलेले नाही. आज ते तिच्या उशाशी ठेवले आहे, आणि संस्थेतील ताईंना उद्या सकाळी फोन करणार आहे.