गाणी वाजवणं टाइमपास, मग सराव नक्की कशासाठी?

डाऊनअप

'सध्या काय घोटताय?' या आपल्या गिटारच्या धाग्यावरच्या प्रश्नाला 'एकशेसाठ' या सदस्यांनी दिलेलं उत्तर आधी जसंच्या तसं देतो: "रोज दोन तास फक्त स्पायडर आणि एका तारेवर तीन सूर घेणारी स्केल्स. 60 ला सुरुवात, 160 बीपीएमला सोळाव्या येईपर्यंत गाणी पूर्ण बंद. गाणी वाजवणं हा टाइमपास आहे, सराव नव्हे."

(स्पायडर म्हणजे चारही बोटं तारेवर ओळीने चालवायचा व्यायाम, बीपीएम म्हणजे मिनिटाला मात्रा, सोळाव्या म्हणजे एका मात्रेत चार सूर.) नवी मुलं हे वाचून माना डोलावतायत, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी भावगीतांच्या कार्यक्रमांना साथ करतो. अलीकडे एक मुलगा तालमीला आला. बोटं अशी धावत होती की आम्ही सगळे बघत राहिलो. मग दादऱ्यातलं साधं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीला गडी हरवला. का? सहा मात्रांवर हात सरळ खाली-वर चालवला की चौथी मात्रा, म्हणजे नेमका 'काल' (टाळी नसलेली, खाली मात्रा), अपस्ट्रोकवर येतो. त्याचा वरचा फटका कायम हलका, त्यामुळे काल त्याला ऐकूच येईना. तबलजी डोळ्यांनी खुणा करतायत, आणि हा आपला डाव्या हाताकडे बघतोय! मध्येच गायिका म्हणाली, "आज काळी चार नको, पांढरी पाच घेऊ." म्हणजे पट्टी अर्धा सूर खाली. पहिल्या फ्रेटवरचा (मानेवरच्या पहिल्या आडव्या तारेजवळचा) कॅपो, म्हणजे तारा दाबून ठेवणारा चिमटा, काढून जी कॉर्डचेच आकार वाजवायचे, एवढंच काम. तेही त्याला सांगावं लागलं.

स्पायडर काय शिकवतो? एका तारेवर ओळीने चार अर्धे सूर. चार बोटांचे क्रम उलटसुलट केले तर 24 होतात, सगळे करा. पण त्यात आघात नाही, विश्रांती नाही, कॉर्ड बदल नाही. उजवा हात दोन तास एकाच वजनाने हलतोय. गाण्यात असं कधी होतं?

मी सध्या काय करतोय तेही सांगतो. 120 चं गाणं असेल तर मेट्रोनोम 60 वर लावतो आणि त्याची टकटक दोन आणि चारवर धरतो. पहिली मात्रा माझी मलाच सांभाळावी लागते. आणि रोज एक गाणं न थांबता पहिल्यापासून शेवटपर्यंत फोनवर रेकॉर्ड करतो. चुकलं तरी हात थांबवायचा नाही. ऐकायचं दुसऱ्या दिवशी.

एकशेसाठ

माझं अर्धंच वाक्य धरून बसलात. "160 येईपर्यंत" असं लिहिलंय, आयुष्यभर गाणी बंद असं नाही.

तुमच्या तालमीतल्या मुलाला ताल शिकवलेला नव्हता, त्याचं खापर स्पायडरवर का? गाण्यात चुका लपतात. चार कॉर्ड फिरवल्या की लोक टाळ्या वाजवतात आणि करंगळी पाच वर्षांनीही लुळी ती लुळीच. ओळखीत असे ढीगभर आहेत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये जिथे होते तिथेच आहेत. आणि गवई वर्षानुवर्षं पलटे घोटतात, त्याला टाइमपास म्हणायची कोणाची हिंमत आहे? आम्ही घोटलं की मात्र यंत्र!

खर्जातला

एकशेसाठ, पलट्यांचं नाव घेतलंत म्हणून बोलतो. सारेगम, रेगमप हे पलटे थाटात किंवा रागात बसलेले असतात आणि आधी गळ्यातून येतात. भूपात मध्यम-निषाद वर्ज्य, तर तिथला पलटा सारेगप असाच जाणार. बोटाला जवळ पडतं म्हणून कोणी मध्यम लावत नाही. तुमचा स्पायडर बोटाच्या सोयीने चालतो, कानाला त्यात कामच नाही. पंडित ब्रिजभूषण काब्रांनी याच गिटारवर राग वाजवून दाखवले, ते गायकी अंगाने. आधी म्हणा, मग वाजवा. गिटारवाल्यांची गाण्याची लाज हाच मोठा रोग आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहातले नऊ 'सा' लावायलाही तयार नसतात!

एफने_छळलेला

मधे बोलतो, माफ करा. मला अजून एफ बार (पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं ठेवून धरायची एफ कॉर्ड) येत नाही. दोन तारा मेल्यासारख्या वाजतात, मनगट दुखतं. मी स्पायडर करू की गाणी?

रत्नागिरीकर

मित्रा, आधी गिटारची ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, बघ. आमच्याकडे जुलैत हवेत आर्द्रता 80 च्या वर. वरची फळी ओल पिऊन फुगते, तिच्यावरचा ब्रिज, जिथे तारा अडकवतात, वर येतो, तारा उंच होतात. मेमध्ये सहज लागणारा एफ श्रावणात लागत नाही. माझ्या पुतण्याने याच कारणाने गिटार सोडली. सगळे त्याला म्हणायचे, बोटात ताकद नाही. पोर रडकुंडीला यायचं. ताकद कसली, बाराव्या फ्रेटवर चार मिलिमीटर फट होती!

वैदर्भी

कोकणवाल्यांना वाटते का पाऊस त्यांच्याकडेच पडतो. मे महिन्यात आमच्या नागपुरात येऊन बघा. दुपारी हवा इतकी कोरडी की फिंगरबोर्ड (मानेवरची फ्रेट बसवलेली फळी) आकसतो, फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहात खरवडतात. रात्री त्याच खोलीत कूलर चालू, म्हणजे ओल. रोजचं हेच. 45 ते 55 टक्के आर्द्रता ठेवा म्हणणाऱ्यांनी एक उन्हाळा इथे काढावा. मी तर ॲलन की घेऊन ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) अर्धा फेरा आवळतो, ॲक्शन खाली. पाच मिनिटांचं काम.

सुतारपक्षी

थांबा, थांबा! हे वाचून उद्या दहा जण ट्रस रॉड मोडून माझ्याकडे येतील. मी दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो. ट्रस रॉड मानेचा बाक ठरवतो. पहिल्या फ्रेटजवळची उंची नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ठरवतो आणि बाराव्याजवळची सॅडल (ब्रिजवरची पट्टी). सॅडल अर्धा मिलिमीटर घासला की बाराव्यावर पाव मिलिमीटर उतरते. फळी फुगल्यामुळे वाढलेली ॲक्शन रॉड आवळून उतरवायला गेलात तर मान सरळ होऊन मग उलटी, मागे वाकेल आणि पहिले चार-पाच फ्रेट झणझणायला लागतील. एका वेळी पाव फेऱ्याच्या वर कधीही नाही, तोही तारा बघून.

वैदर्भी

माझी गिटार आहे, बरेच वर्षं मीच आवळतो, काही झणझणत नाही. दुकानवाल्यांना धंदा पाहिजे म्हणून प्रत्येक गोष्ट अवघड करून सांगायची.

सुतारपक्षी

धंद्यावर येऊ नका. धंदाच बघायचा असता तर गप्प बसलो असतो, मोडलेल्या रॉडचे पैसे जास्त मिळतात. तुमची मान आधीच पुढे वाकलेली असेल, म्हणून तुम्हाला लागू पडलं. ज्याची सरळ आहे त्याचं काय?

एफने_छळलेला, तुझ्यासाठी: प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाब आणि पहिल्या फ्रेटवर बघ. केसाएवढी फट हवी. नखाएवढी दिसली तर नट उंच आहे. दुसरी खूण म्हणजे पहिल्या फ्रेटवर कॅपो लाव आणि तोच आकार एक फ्रेट पुढे धर. एकदम सोपा झाला तर दोष नटचा, तुझा नाही. घरी कानस घेऊन बसू नकोस. नट जास्त कापला गेला की उघडी तार झणझणते आणि नट नवाच घालावा लागतो.

पिमा

सगळं गिटारवर ढकलू नका, हातही बघा. मी क्लासिकल शिकवते. एफ बारमध्ये पहिल्या बोटाने खरं तर सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच तारा वाजायच्या असतात. मधल्या तीन बाकीची बोटं सांभाळतात. तरी मुलं सहाही तारा जीव खाऊन दाबतात, अंगठ्याने मानेचा गळा आवळतात आणि मग मनगट दुखतं. बोट किंचित हाडाच्या कडेवर वळवा, फ्रेटला चिकटून ठेवा. तार आधी नुसती टेकवा, सूर मेलेला येईल. मग दाब हळूहळू वाढवा आणि सूर स्वच्छ झाला की तिथेच थांबा. मुलांचे डोळे विस्फारतात, लागतो त्यापेक्षा किती जास्त जोर लावत होतो ते कळून.

दुखत असेल तर थांबायचं. "दुखल्याशिवाय येत नाही" म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. बोटांची टोकं हुळहुळणं वेगळं आणि मनगटाची शीर धरणं वेगळं. तोपर्यंत सगळ्या तारा अर्धा सूर खाली लाव, ताण साधारण 11 टक्के कमी होतो. किंवा 12 चा जाड तारांचा संच काढून 10 चा पातळ घाल.

आणि एकशेसाठ, एकच गोष्ट दोन तास घोटण्याबद्दल: 2016 साली क्लॅरिनेटवादकांवर एक प्रयोग झाला होता. एकच रचना सलग घोटण्यापेक्षा थोड्या थोड्या वेळाने रचना बदलत केलेला सराव दुसऱ्या दिवशी एकंदरीत सरस ठरला.

एकशेसाठ

किती जणांवर?

पिमा

दहा.

एकशेसाठ

दहा! आणि त्यावर मी सराव बदलायचा? माझी करंगळी सुधारली ती सलग घोटूनच, तो पुरावा मला पुरे.

डाऊनअप

धागा ट्रस रॉडवर गेला तो गेलाच. एकशेसाठ, एक सरळ प्रश्न. मेट्रोनोम 60 वर, टकटक दोन आणि चारवर, जी-ईमायनर-सी-डी पाच मिनिटं न थांबता. करून बघितलंत का?

एकशेसाठ

बघितलं. काल रात्री, तुम्हाला खोटं पाडायचं म्हणूनच. तिसऱ्या फेरीत टकटक एक आणि तीनवर सरकली होती, मला कळलंही नाही. ठीक आहे, उजव्या हाताला वेगळा वेळ देईन. पण स्पायडर सोडणार नाही, आणि गाणी 160 नंतरच.

डाऊनअप

सोडा म्हणतंय कोण? हात गरम करायला दहा मिनिटं करा, ना नाही. माझी तक्रार त्या 'टाइमपास' शब्दाबद्दल होती आणि ती तशीच आहे.

खर्जातला

आणि गाऊन वाजवण्याचं काय? त्यावर दोघंही गप्प.

एफने_छळलेला

कॅपो लावून बघितला. आकार चक्क वाजला, सहाही तारा! म्हणजे नट. रविवारी दुरुस्तीला नेतो. पिमाताई, टेकवून दाबायचं तेही सुरू केलंय, मनगट कमी दुखतंय. एक विचारायचं राहिलं, नट बदलताना ट्रस रॉडही बघून घ्यायला सांगू का?

वैदर्भी

सांग. आणि पैसे किती घेतले ते इथे लिही.

सुतारपक्षी

सांग, पण आवळायला सांगू नकोस. फक्त बाक मोजायला सांग.