भरवीर-वाढवण रस्ता: नाशिकचा, की नुसता नाशिकमधून जाणारा?

सातपूरकर: वाढवण बंदर (जि. पालघर) ते भरवीर (ता. इगतपुरी) हा सुमारे १०५ किमीचा रस्ता ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं मंजूर केला. बंदर समृद्धी महामार्गाला जोडायचं म्हणे. मी म्हणतो, आधी आहे तो मुंबई रस्ता धड करा. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाला. जवळजवळ ८ किमीचा बोगदा, कसारा घाटाची कटकटच मिटली. पण आमण्याला उतरलं की भिवंडीची कोंडी आहेच. बोगद्यात वाचवलेला वेळ तिथं व्याजासकट फेडायचा.

बागायतदार, पिंपळगाव: दादा, तुम्ही माझीच बाजू मांडताय. भिवंडी टाळायची म्हणूनच तर हा रस्ता हवा! पॅकहाऊसवर द्राक्षाचा कंटेनर भरला की न्हावाशेवा बंदरात कट-ऑफच्या (माल घ्यायच्या शेवटच्या वेळेच्या) आत गेटमधून आत जावाच लागतो. मागच्या मार्चमध्ये आमचा एक अडकला, जहाज गेलं. रीफर (थंड ठेवणारा कंटेनर) चालू होता म्हणून माल टिकला, पण भाव कुठं टिकतो? वाढवणला समुद्र २० मीटर खोल आहे, मोठी जहाजं थेट लागतील.

सातपूरकर: बंदराची पायाभरणीच ऑगस्ट २०२४ ची. पहिलं जहाज लागेपर्यंत तुमची बाग म्हातारी होईल 😀 आणि डिसेंबर २०२३ ते मे २०२४ कांद्याचं काय झालं? रस्ता होता, बंदर होतं, निर्यातच बंद होती.

बागायतदार, पिंपळगाव: कांद्याचं दुखणं दिल्लीचं. ते रस्त्याच्या माथी कशाला मारता?

हरसूलची लेक: तुमचं दोघांचं भिवंडीपुरतंच चाललंय. रस्ता मोखाडा, जव्हार, विक्रमगडातून उतरणार. आमच्या पट्ट्यात पावसाळ्यात धो धो पाऊस आणि एप्रिलमध्ये डोक्यावर हंडे. वैतरणेचं पाणी मुंबईनं नेलं, आता जमीन द्राक्षासाठी. द्या, एक वेळ देऊ. पण समृद्धीवर मोटारसायकलला बंदी आहे. इथंही तेच असेल तर आमच्या माणसांनी तो कुंपणापलीकडून बघायचा का? अडलेल्या बाईला मोखाड्याहून नाशिकला आणणारी गाडी त्यावर चढणार कुठून?

बागायतदार, पिंपळगाव: ताई, जमिनीचं भांडण समृद्धीच्या वेळी सिन्नरच्या शिवड्यातही झालं होतं. मोबदला चांगला मिळाला की...

हरसूलची लेक: भाऊ, मी मोबदल्याचं विचारलंच नाही. चढायची वाट विचारली.

सातपूरकर: पिंपळगाव, यांना आधी उत्तर द्या. माझी भिवंडी थांबेल, तिला सवय आहे.