घरच्या घरी सीसीएनएची लॅब: जुन्या राउटर-स्विचचा संच घ्यावा का?

बार्शीकर

नमस्कार. मी इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची पदविका घेतली असून सध्या गावातील एका इंटरनेट व्यावसायिकाकडे काम करतो. फायबर जोडणे, ग्राहकाच्या घरी ओएनटी (फायबर जिथे येऊन जुळते ती पेटी) बसवणे, वाय-फाय लावून देणे असे कामाचे स्वरूप आहे. पुढे नेटवर्क इंजिनिअर म्हणून काम मिळवायचे असल्याने सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या सीसीएनए प्रमाणपत्र परीक्षेची, म्हणजे तिच्या २००-३०१ या पेपरची, तयारी सुरू केली आहे. परीक्षेचे शुल्कच ३०० डॉलर आणि त्यावर कर असे असल्यामुळे ती पहिल्याच वेळी उत्तीर्ण होणे मला गरजेचे आहे, आणि केवळ व्हिडिओ पाहून ते साधेल असे वाटत नाही.

सरावाच्या साधनांसाठी १५ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली असता एका दुकानदाराने दोन १८४१ राउटर, तीन २९५० स्विच, सिरियल कार्डे आणि त्यांच्या केबल असा वापरलेला संच याच रकमेत देऊ केला. माझ्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी रॅम आहे. हा संच घ्यावा, की पॅकेट ट्रेसर या संगणकावरील नेटवर्क-सरावाच्या प्रोग्रामवरच सराव करावा? प्रत्यक्ष उपकरणांना हात लागला नाही तर मुलाखतीत अडचण येईल, अशीही एक भीती आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

ठाणे_रॅक

हा संच घेऊ नका, असे मी स्पष्टपणे सांगेन. उपकरणे खराब असतील म्हणून नव्हे; १८४१ आजही व्यवस्थित चालतो आणि त्यावर ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याची पद्धत) शिकता येते. परंतु या संचाची रचना जुन्या अभ्यासक्रमाच्या गरजेतून झालेली आहे. सिरियल कार्डे लागत असत ती पीपीपी, एचडीएलसी आणि फ्रेम रिले या सिरियल जोडणीवरच्या पद्धतींच्या सरावासाठी. फेब्रुवारी २०२० पासून लागू झालेल्या २००-३०१ मध्ये यांपैकी काहीही उरलेले नाही, आणि ईआयजीआरपी या मार्ग कळवण्याच्या दुसऱ्या पद्धतीचे कॉन्फिगरेशनही वगळलेले आहे. म्हणजे तुमच्या पैशांचा एक भाग अशा पोर्टांवर जाईल, ज्यांचा तुम्हाला परीक्षेतही उपयोग नाही आणि आजच्या बहुतेक कार्यालयांतही नाही. २९५० चे दुखणे वेगळे आहे. त्याचे सॉफ्टवेअर १२.१ मालिकेवर थांबले, त्यामुळे अभ्यासक्रमात असलेले डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन (खोटे एआरपी संदेश अडवणारी सुरक्षा) त्यावर करताच येत नाही.

पॅकेट ट्रेसरला लोक उगाच कमी लेखतात. सिस्को नेटवर्किंग अकॅडमीवर नोंदणी केली की ते विनामूल्य मिळते, ८ जीबी रॅमवर सहज चालते आणि परीक्षेतील बहुतांश कॉन्फिगरेशन त्यात करता येते. वायरलेस लॅन कंट्रोलरचा (अनेक वाय-फाय केंद्रे एकत्र हाताळणाऱ्या उपकरणाचा) ब्राउझरमधून होणारा सराव तर कमी खर्चात करण्याचा तोच एक सोपा मार्ग आहे. त्याची मर्यादा मात्र नीट ध्यानात घ्या. ते सिम्युलेटर आहे, म्हणजे त्याच्या आत खरे आयओएस (सिस्कोच्या उपकरणांची कार्यप्रणाली) चालत नसून आयओएससारखे वागणारा एक प्रोग्राम चालतो. ज्या आज्ञा आणि ज्या बिघाडांचा विचार तो लिहिणाऱ्यांनी केला, तेवढेच तुम्हाला दिसते.

हा फरक कुठे जाणवतो त्याचे एक उदाहरण देतो. दोन राउटरांमध्ये ओएसपीएफ सुरू करा आणि एका बाजूच्या इंटरफेसचा आयपी एमटीयू (एका पॅकेटचा बाइटमधील कमाल आकार) १५०० वरून १४०० करा. पिंग व्यवस्थित जाते, हॅलो पॅकेट दोन्हीकडून येत राहतात, क्षेत्र क्रमांक आणि टायमरही जुळतात, तरीही दोन राउटरांमधील शेजारसंबंध एक्सस्टार्ट या अर्धवट अवस्थेत अडकून बसतो, कारण मार्गांच्या माहितीचा सारांश देणाऱ्या डेटाबेस डिस्क्रिप्शन पॅकेटमधील एमटीयू स्वतःच्या एमटीयूपेक्षा मोठा असल्यास राउटर ते नाकारतो. खऱ्या आयओएसवर हे घडताना पाहून, डीबगमधील ओळ वाचून, कारण स्वतः शोधणे यालाच मी लॅब म्हणतो. पाठ्यपुस्तकातील आराखडा जसाच्या तसा उभा करून सगळे पिंग यशस्वी झाले की फाइल बंद करणे हा टंकलेखनाचा सराव झाला. आयपी कनेक्टिव्हिटी या भागाला परीक्षेत २५ टक्के भार आहे, म्हणून ओएसपीएफ आणि स्टॅटिक राउटिंग (हाताने दिलेले मार्ग) मुद्दाम बिघडवून दुरुस्त करण्यात सर्वांत जास्त वेळ घालवा.

त्यासाठी पहिला खर्च रॅमवर करा आणि लॅपटॉप १६ जीबीपर्यंत न्या. मग सिस्को मॉडेलिंग लॅब्ज या, खरे आयओएस लॅपटॉपवर चालवणाऱ्या प्रोग्रामची विनामूल्य आवृत्ती घ्या. तीत एका वेळी पाच उपकरणे चालवता येतात आणि त्यांच्या आयओएस प्रतिमा (इमेज फाइली) सिस्कोकडूनच अधिकृतपणे मिळतात. साधा अनमॅनेज्ड (कॉन्फिगर न करता येणारा) स्विच या पाचांत मोजला जात नाही, त्यामुळे तीन राउटर आणि दोन स्विच असा आराखडा सीसीएनएसाठी पुरेसा ठरतो. ती व्हीएमवेअर वर्कस्टेशन या आभासी संगणक चालवणाऱ्या प्रोग्रामवर चालवावी लागते; व्हर्च्युअलबॉक्सला तिचे समर्थन नाही. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन सुरू आहे का, हे आधी पाहून घ्या. परीक्षेच्या ऑगस्ट २०२४ पासूनच्या १.१ आवृत्तीत ऑटोमेशनमध्ये टेराफॉर्म (फाइलमध्ये लिहून मांडणी उभी करणारे साधन) आले आहे. त्या १० टक्क्यांच्या भागासाठी कोणतेही जुने उपकरण मदतीला येत नाही. लॅपटॉप मात्र येतो.

वर्धेची_ताई

ठाणे_रॅक यांचे राउटरविषयीचे मत मला पूर्ण मान्य आहे, पण स्विचच्या बाबतीत मी थोडी वेगळी भूमिका मांडते. मी शाखा-कार्यालयांत उपकरणे बसवण्याचे काम करते आणि नव्या मुलांना प्रशिक्षणही देते. ज्यांनी सगळे पडद्यावरच केलेले असते, त्यांना कमांड उत्तम येतात. मात्र कन्सोल केबल (उपकरण थेट हाताळण्याची केबल) लावल्यावर पडदा कोरा राहिला तर बॉड रेट (जोडणीचा वेग) ९६०० आहे का, यूएसबी-सिरियलचा ड्रायव्हर बसला आहे का, की केबलच चुकीची आहे, हे क्रमाने तपासण्याची सवय त्यांना नसते. बार्शीकर यांची मुलाखतीची भीती म्हणूनच अनाठायी नाही. तिच्यासाठी पाच उपकरणांचा संच लागत नाही, दोन २९६० स्विच पुरतात.

घेताना मॉडेल क्रमांकाचे शेवटचे अक्षर पाहावे. शेवटी एल असेल तर लॅन बेस (जास्त सोयींचे सॉफ्टवेअर) आणि एस असेल तर लॅन लाइट (कमी सोयींचे). आपल्याला लॅन बेस हवा. दुकानातच वीज जोडून, स्वतःचा लॅपटॉप आणि कन्सोल केबल लावून शो व्हर्जन ही आज्ञा देऊन पाहावे. आयओएसच्या फाइलच्या नावात के९ नसेल तर त्या स्विचवर एसएसएच (दुरून सुरक्षितपणे जोडण्याची सोय) चालणार नाही, आणि एसएसएच हा परीक्षेचा विषय आहे. नवीन आयओएस अधिकृतपणे मिळवण्यासाठी सिस्कोचा सेवा करार लागतो, त्यामुळे जे आत आहे तेच पुढे वापरायचे आहे असे धरून चालावे. आवृत्ती १२.२(५५) किंवा तिच्या पुढची मिळाली तर एरवी मार्ग न ठरवणाऱ्या या दुसऱ्या स्तराच्या स्विचवर एसडीएम टेम्प्लेट (स्मृतीच्या वाटपाची मांडणी) बदलून १६ स्टॅटिक मार्गही देता येतात, हा एक अनपेक्षित लाभ आहे.

आधीच्या मालकाचा पासवर्ड राहिला असेल तर घाबरू नये, उलट तो पहिला धडा समजावा. मोड बटण दाबून धरत वीज द्यावी, फ्लॅश इनिट चालवावे, कॉन्फिग डॉट टेक्स्ट या फाइलचे नाव बदलावे आणि बूट करावे. येथे अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की स्टार्टअप कॉन्फिगरेशन पुसले तरी जुने व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी नेटवर्के) जात नाहीत, कारण ते फ्लॅशमधील व्हीलॅन डॉट डॅट या वेगळ्या फाइलमध्ये असतात. तीही पुसावी लागते. एखाद्या कार्यालयातून निघालेला स्विच तसाच चालू नेटवर्कला जोडला, तर व्हीटीपीमुळे (व्हीलॅनची यादी स्विचांमध्ये आपोआप पसरवणाऱ्या पद्धतीमुळे) तिथले व्हीलॅन नाहीसे होऊ शकतात. ज्याने ही फाइल स्वतःच्या हाताने पुसली आहे, त्याला व्हीटीपीचा रिव्हिजन क्रमांक (ती यादी किती वेळा बदलली तो आकडा) पाठ करावा लागत नाही.

दोन स्विच आल्यावर त्यांच्यामध्ये दोन केबल जोडून एका पोर्टचा दिवा नारिंगी राहतो (पॅकेट गोल फिरत राहू नयेत म्हणून स्पॅनिंग ट्री ते पोर्ट बंद ठेवते) ते पाहा, आणि मग चालू असलेली केबल काढा. पिंग सुमारे ३० सेकंद थांबते, कारण बंद असलेले पोर्ट १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंग या अवस्थांतून जाते. त्यानंतर दोन्हीकडे रॅपिड पीव्हीएसटी (स्पॅनिंग ट्रीची जलद आवृत्ती) लावून हाच प्रयोग करा. वेळेतला तो फरक डोळ्यांनी पाहिल्यावर स्पॅनिंग ट्रीचे तक्ते वाचण्याची पद्धतच बदलते. ट्रंकच्या (अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीच्या) दोन टोकांना वेगवेगळा नेटिव्ह (टॅग न लावलेला) व्हीलॅन देऊन सीडीपीचा (शेजारचे सिस्को उपकरण ओळखणाऱ्या सोयीचा) इशारा कसा येतो, तेही अवश्य पाहावे.

आवाज आणि वीज यांविषयीही सांगते, कारण घरात इतर माणसे असतात. २४ पोर्टच्या स्विचचा पंखा रात्रीच्या शांततेत जाणवतो. आठ पोर्टचा २९६०-८टीसी-एल बिनपंख्याचा आहे आणि अभ्यासाला तेवढे पोर्ट पुरतात. विजेचा बोजा फार नाही. प्रत्येकी ३० वॅट धरून दोन स्विच रोज तीन तास चालवले तर महिन्याला साडेपाच युनिटच्या आसपास खर्च येतो.

मुक्तस्रोत_सांगली

एक भर घालतो. आभासी नेटवर्क उभे करण्यासाठी जीएनएस३ किंवा ईव्ही-एनजी वापरा असा सल्ला तुम्हाला पुष्कळ ठिकाणी मिळेल. दोन्ही साधने उत्तम आहेत, पण त्यांच्यासोबत सिस्कोच्या प्रतिमा येत नाहीत आणि इकडून तिकडून उतरवलेल्या प्रतिमा वापरणे परवान्याच्या विरुद्ध आहे. पूर्वी मोफत, कायदेशीर पर्याय नव्हता. आता सिस्कोचीच विनामूल्य आवृत्ती असताना त्या वाटेला जाण्याचे कारण उरत नाही. पाच उपकरणांची मर्यादा अपुरी वाटू लागली तर लिनक्सवर एफआरराउटिंग हे राउटरचे काम करणारे सॉफ्टवेअर बसवा. २०१७ साली क्वागा या आधीच्या प्रकल्पापासून वेगळा झालेला हा मुक्त प्रकल्प आहे, त्याच्या आज्ञा आयओएसशी बऱ्याच मिळत्याजुळत्या आहेत आणि त्यावर ओएसपीएफ शिकण्यासाठी फारच थोडी रॅम लागते. पॅकेट उलगडून दाखवणारे वायरशार्क तर पहिल्या दिवसापासून वापरा.

बार्शीकर

सर्वांचे मनापासून आभार. संच घेण्याचा विचार सोडला आहे. लॅपटॉपमध्ये रॅमची एक जागा रिकामी आहे, त्यामुळे ८ जीबी वाढवता येतील, आणि उरलेल्या पैशांत दोन २९६० शोधतो. मात्र एक शंका आहे. राउटर प्रत्यक्षात नसेल, तर या स्विचवरील दोन व्हीलॅनमधील वाहतूक कशी जोडायची? लॅपटॉपमधील आभासी राउटरला खऱ्या स्विचचा ट्रंक जोडता येतो का? आमच्या कार्यालयात मायक्रोटिकचे राउटर वापरतात आणि त्याच कंपनीचा हॅप लाइट हा एक जुना राउटर पडून आहे, तो मागितल्यास मिळू शकतो.

मुक्तस्रोत_सांगली

आभासी राउटर बाहेर जोडता येतो, पण विंडोजवर अनेक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर ८०२.१क्यूचा टॅग (पॅकेट कोणत्या व्हीलॅनचे हे सांगणारी खूण) वरच्या थरात जाण्यापूर्वीच काढून टाकतात, आणि मग कॉन्फिगरेशन अचूक असूनही सब-इंटरफेसवर (एकाच पोर्टवर प्रत्येक व्हीलॅनसाठी केलेल्या उप-जोडणीवर) काहीच पोहोचत नाही. हा घोळ सोडवण्यात दिवस जातात आणि त्यातून नेटवर्किंगचे फारसे काही शिकायला मिळत नाही.

तो हॅप लाइट अवश्य मागून घ्या. त्याच्या एका पोर्टवर व्हीलॅन १० आणि २० असे दोन इंटरफेस तयार करून प्रत्येकाला पत्ता द्या, ते पोर्ट २९६० च्या ट्रंकला जोडा, म्हणजे राउटर-ऑन-अ-स्टिकचा (एकाच पोर्टमधून अनेक व्हीलॅन जोडणाऱ्या राउटरचा) आराखडा पूर्ण होतो. आज्ञा वेगळ्या असल्या तरी टॅग तोच आहे, आणि पुढे तुम्हाला ज्या प्रकारच्या नेटवर्कमध्ये काम करायचे आहे तिथे दोन कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जोडावी लागतातच. नंतर लॅपटॉप लिनक्सवर बूट करून एफआरराउटिंग आणि मायक्रोटिक यांच्यात ओएसपीएफ चालू करा. दोन्हीकडे हॅलो (संदेश पाठवण्याचा टायमर) १० सेकंद आणि डेड (शेजारी गेला असे मानण्याचा टायमर) ४० सेकंद असल्याची खात्री करून मग एका बाजूचा टायमर बदला, आणि वायरशार्कमध्ये हॅलो पॅकेट उघडून फरक शोधा. राउटरओएस या मायक्रोटिकच्या कार्यप्रणालीची आवृत्ती ६ आहे की ७ हे मात्र आधी पाहा, कारण ओएसपीएफ लिहिण्याची पद्धत त्या दोहोंत वेगळी आहे.